शिवेपर्यंतची पावलं

हस्ताचा पाऊस ओसरला की दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवरचा चिखल ना धड पातळ असतो ना धड घट्ट. पाय टाकला की रुततो, उचलला की अलगद सुटतो, आणि मागे टाचेपासून अंगठ्यापर्यंत सगळं जसंच्या तसं राहतं. मृगाच्या चिखलाला ही अक्कल नसते. तो नुसता पायाला बिलगतो, चपला खातो. श्रावणातला चिखल पाय गिळतो आणि लगेच वरून पाणी ओढून घेतो. हस्ताचा मात्र लक्षात ठेवतो. वर्षातून असे आठ-दहाच दिवस येतात. तेवढे दिवस मी बुलढाण्याच्या घरात गॅलरीचं दार सताड उघडं ठेवून त्या वासाची वाट पाहते. चिखलाचा वास घेणारी रिटायर बाई म्हणून शेजारी मला ओळखतात. ओळखोत बापडे.

यंदा त्या वासाबरोबर माझी नात सई आली, पुण्याहून, दसऱ्याच्या सुट्टीत. वय अकरा, प्रश्न दीडशे. बगलेत डायनोसॉरचं जाडजूड पुस्तक. पोहे खाता खाता म्हणाली, "आजी, दगडातल्या पावलांवरून डायनोसॉर किती जोरात पळायचा ते काढता येतं. तुला नसेल माहीत."

"आहे माहीत," मी म्हटलं.

तिला पटेना. मग मी सांगितलं. पावलाची लांबी मोजायची, तिला चारने गुणायचं, म्हणजे जमिनीपासून खुब्यापर्यंत पाय किती उंच होता त्याचा अंदाज येतो. मग ठशापासून ठशापर्यंतचं अंतर घ्यायचं. अंतर जितकं लांब तितका वेग जास्त. पण पाय उंच असला तर तेवढ्याच अंतराला वेग कमी, कारण उंट सहज चालतो त्यात बकरीला धावावं लागतं. पुढचं गणित जरा किचकट आहे, त्याला लॉगचं कोष्टक लागतं. सईचा चमचा हवेतच राहिला. आजीला शुद्धलेखन आणि शेवया एवढंच येतं अशी तिची समजूत होती.

"कोणी शिकवलं तुला?"

"माझ्या दादानं."

"कुठला दादा? तू कधी बोलली नाहीस."

नव्हते बोलले. चहा गरम करायच्या निमित्ताने मी आत गेले.

आमचं गाव देऊळघाटच्या अलीकडे, पैनगंगेच्या काठाला. नदी म्हणायची ती कौतुकाने. तिथे ती नुकतीच डोंगरातून उतरलेली, पावसाळ्यातही गुडघाभर. बाहत्तरचा दुष्काळ मागे पडून पाच-सहा वर्षं झाली होती, तरी माय पाण्याचा तांब्या अर्धाच भरायची. वावरात तेव्हा सोयाबीन नव्हतं. पुरुषभर उंच ज्वारी असायची, मधे तुरीच्या ओळी, खाली मूग-उडीद, आणि बांधापलीकडे पऱ्हाटी, म्हणजे कापूस. हस्तात ज्वारी निसवायची. कणसांवर पाणी थांबून राहायचं आणि आपण खालून गेलो की मानेत पडायचं. मुगाच्या शेंगा वाळायला ओट्यावर पसरलेल्या असायच्या आणि दुपारच्या उन्हात तटतट फुटायच्या. अजून कुठे काही तटकन वाजलं की मला मूग आठवतो. आता त्या वावरात चुलत भाऊ सोयाबीन पेरतो. त्याला त्या जुन्या पिकांची सर नाही म्हणून मी तोंड वाकडं करते आणि तो दरवर्षी माझ्याकडे पोतं पाठवायचं थांबवीन म्हणून धमकावतो.

दादा, म्हणजे भास्कर, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बी.एस्सी. झाला होता. त्या वर्षी मी दहावीत होते. कॉलेजच्या वाचनालयात एका विलायती मासिकात त्याला हे सूत्र सापडलं. त्याने ते वहीच्या मागच्या पानावर उतरून घेतलं आणि हस्ताचा पाऊस पडेपर्यंत कोणाला काही बोलला नाही. पाऊस पडला, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि याने सगळं गाव पळवलं. मला पळवलं, चुलत भावंडांना पळवलं, शेजारची गाभण गाय पळवायला निघाला तेव्हा मायने काठी उचलली.

आमचं काम असं. माझ्या हातात टेपचं शून्याचं टोक. शिंप्याकडून मागून आणलेली मेणकापडाची टेप, दीड मीटरची. मी ठशाच्या टाचेवर उकिडवी बसायची, दादा टेप घेऊन पुढे जायचा, वाकायचा आणि ओरडायचा, "एकशे तीस!" मी मांडीवरच्या वहीत लिहायचे. चालण्याला टेप पुरायची. पळण्याला पुरत नसे, मग गाठी मारलेलं चऱ्हाट. संध्याकाळी ओट्यावर बसून लॉगची पानं उलटत मी वेग काढायचे. तो नुसता पाय हलवत बसायचा आणि माझं चुकलं की म्हणायचा, "इंदे, ह्या हिशोबानं तर तू मोटारीच्या पुढं पळून राह्यली."

एकदा त्याने बाबांचीही पावलं मोजली. बाबा वावरात निघून गेल्यावर, चोरून. ताशी चार किलोमीटर निघाले. रात्री जेवताना दादाने तो आकडा जाहीर केला. बाबा भाकरी कुस्करत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाटेवर आम्ही गेलो तर ठसे चांगलेच लांब लांब पडले होते. दादा वाटेतच खाली बसून हसला. "म्हातारा पेपर फुटल्यावानी पास होऊन राह्यला," म्हणाला. मी एवढं प्रेम त्याच्या चेहऱ्यावर बाबांसाठी पुन्हा कधी पाहिलं नाही.

आणि सुपडाजी. आमच्या गावात ढोर चोरीला गेलं की पहिल्यांदा सुपडाजीला बोलवायचे. तो माग काढायचा. वाकायचा नाही, बसायचा नाही, हात मागे बांधून वाटेने जायचा आणि बोलत राहायचा. त्याची एकच अट होती. पहिला चांगला ठसा दिसला की त्यावर टोपलं उपडं घालायचं, म्हणजे कोंबड्या, पोरं, पाऊस कोणी तो मोडत नाही. कोणाच्या वाटेवर टोपलं उपडं दिसलं की त्यांच्या गोठ्यात काय झालं ते सगळ्यांना न सांगता कळायचं.

आमचा खेळ पाहायला तो आला तेव्हा दादाने मला पळवून झालं होतं आणि मी लॉगचं पान शोधत होते. सुपडाजीने ठशांवरून नुसती नजर फिरवली. "पोट्टी इथून पळाली. इथं दमली. इथं काटा मोडला, मंग लंगडली. पुढं लाजेनं पुन्हा पळाली." सगळं खरं होतं. दादाने त्याला हात जोडले आणि डायनोसॉर समजावून सांगितला. सुपडाजीने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे घोरपड?"

"घोरपडीचा खापरपणजा म्हना."

"अन् त्याचा मालक कोन?"

"मालक नाही सुपडाजी. कोनाचाच नव्हता."

"मंग माग कायले काढता त्याचा?" सुपडाजी म्हणाला, आणि खरोखरच उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

 दादाने उलट विचारलं, चोरीचा बैल ओळखायचा कसा? सुपडाजी खुलला. "सोपं हाये. चोरटा बैलाले शिवेपर्यंत पळोते. काऊन? शिवेच्या आत बैल घराकडं वढते. थांबला का मान फिरोते, अन् मान फिरोली का मंग बारा लोकं लावा, नाही हालत. म्हून त्याले उभं राहू देत नाही. शीव वलांडली का मंग दोघंबी गुमान चालतात. पळाल्याचे ठसे दिसले तर समजा, बैलाचा जीव अजून घरातच हाये."

दादाने हे वहीत लिहून घेतलं. मी नाही. परीक्षेला येणार नव्हतं.

नागपूरहून पत्र आलं ते त्याच पंधरवड्यात. भूगर्भशास्त्राला त्याला प्रवेश मिळाला होता. त्याने अर्ज केला होता हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली, कोनाड्यात ठेवलं. त्यांच्या डोक्यात होतं ते वेगळं. पोराने आता वावर पाहावं, चैतात लग्न करावं.

"कशाचं शिक्षन म्हनतं हे?"

"दगडाचं. जमिनीच्या पोटातलं."

"आपल्या वावरात दगडं कमी हायेत काय? येचता येचता माहा जलम गेला, अन् तू ते शिकाले नागपूरले जाऊन राह्यला?"

आता लिहिताना हसू येतं. तेव्हा कोणी हसलं नाही. तीन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. तिसऱ्या दिवशी बाबा बोलून गेले, "जायचं तं जाय. मंग इकडं पाहू नको." असं बोलायची त्यांना सवय होती. बैलालाही ते असंच बोलायचे आणि मग त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. दादाच्या पाठीवरून हात फिरवायला त्यांना वेळ मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक सर येऊन गेली होती. आम्ही सगळे उडीद काढायला नदीकडच्या तुकड्यात गेलो. दादा म्हणाला, मागून येतो. दुपारी मी आणि माय परत आलो तेव्हा खुंटीवरची त्याची पिशवी नव्हती. कोनाड्यातलं पत्र नव्हतं. माय घरातून परसात, परसातून मागच्या वावरात गेली. तिथून देऊळघाटच्या फाट्याकडे पायवाट जाते. वाटेवर त्याचे ठसे होते. अनवाणी, चपला हातात घेऊन गेला असणार. टाच, तळवा, पाचही बोटं स्पष्ट.

मायने डोक्यावरचं उडदाचं टोपलं उतरवलं, शेंगा तिथेच वाटेवर ओतल्या आणि पहिल्या ठशावर टोपलं उपडं घातलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"त्यानं शिकोलं ना वं तुले? पाह्य मंग. पळत गेला का चालत गेला?"

तिला काय विचारायचं होतं ते मला कळत होतं. पळत गेला असेल तर सुटका झाली म्हणून गेला. चालत गेला असेल तर पाय निघत नव्हता, म्हणजे परत येईल.

मी टेप आणली. एकटीने मोजायचं तर शून्याचं टोक दगडाखाली दाबावं लागलं. मग मी टेप सोडत पुढच्या ठशापर्यंत गेले. एकशे दहा. पुढचा, त्याच्या पुढचा, तेच. पावलाची लांबी पंचवीस, म्हणजे पायाची उंची एक मीटर, गणित अगदी सोपं झालेलं. चालताना दादाचे एकशे तीस यायचे आणि हे तर त्याहून कमी. तरी मी परसातल्या ओट्यावर बसून लॉगचं पान काढलं, गणित दोनदा केलं. ताशी सव्वातीन किलोमीटर.

"माय, तो हळूहळू गेला. नेहमीच्याहून हळू."

मायने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मागे पाहिलं तर बाबा. ते नदीकडून आले होते, त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. अंगात धुवट सदरा घातला होता, पायात वहाणा, आणि ओट्यावरून एक पायरी उतरलेले होते. देऊळघाटच्या फाट्यावर जायला निघाले होते. दुपारची एस.टी. यायला अजून वेळ होता, म्हणजे दादा फाट्यावरच असणार.

"खरं काय?" त्यांनी मला विचारलं.

"हो बाबा. गणित हाये ते."

बाबांनी एकदा फाट्याच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाले, "मंग येते सांजीलोक," आणि पायरीवर बसून त्यांनी वहाणा काढल्या.

संध्याकाळी सुपडाजी आला. वाटेवर टोपलं पाहून आला होता. कोणाचं ढोर गेलं म्हणून विचारायला आला आणि माणूस गेलाय ते कळलं. तो मागच्या वावरात जाऊन ठसे पाहून आला. मी त्याला माझा आकडा सांगितला, जरा ऐटीतच. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे. तिचा चेहरा तेव्हा बराच शांत झाला होता. चुलीवर तिने दादाच्या वाटणीच्याही भाकरी टाकल्या होत्या.

"शिवेपलीकडं पाह्यलं काय पोरी?"

"नाही."

"जाऊन पाह्य एकडाव."

मी गेले नाही. माझ्याजवळ उत्तर होतं, तेही मला हवं होतं तेच. मग पुन्हा पाऊस आला आणि टोपल्याखालचा एक सोडून सगळे ठसे गेले.

दादा संध्याकाळपर्यंत आला नाही. दिवाळीलाही आला नाही. मायच्या नावाने पोस्टकार्डं यायची, नागपूरहून, पुढे मध्य प्रदेशातल्या कुठल्या कुठल्या गावांहून. दगडांवर काम करतो, बरा आहे, इंदूला अभ्यास कर म्हणावं. बाबांबद्दल एक ओळ नसायची आणि प्रत्येक कार्ड बाबाच आधी वाचायचे. दोन वर्षांनी कार्डं थांबली. आम्ही पाठवलेलं पत्र परत आलं. बाबा एकदा नागपूरला जाऊन आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्यानंतर ते फार वर्षं राहिले नाहीत.

माय राहिली. ती शेवटपर्यंत त्या सव्वातीनवर राहिली. कोणी बोलायला बसलं की सांगायची, "माहा भास्कर पळाला नाही. हळूहळू गेला. माह्या पोरीनं मोजलं ना." मी शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं, बुलढाण्याला घर केलं. मुलं विचारायची तेव्हा मी मायकडे बोट दाखवायचे आणि ती त्यांनाही तेच सांगायची. दर हस्तात ती मागच्या वाटेवर जाऊन उभी राहायची. मीही तिच्याजवळ उभी राहिले आहे. खोटं कशाला सांगू, मलाही त्या आकड्याचा फार आधार होता. दादा आम्हाला टाकून गेला नव्हता, त्याचे पाय निघत नव्हते, आणि हे मी स्वतः मोजलेलं होतं.

तर यंदा सईने पुस्तक माझ्यापुढे उघडलं. दगडात तीन बोटांचे ठसे आणि त्यावर एक लांब बाण.

"आजी, तू ते अंतर सांगितलंस ना, ते नीट सांगितलं नाहीस. हे बघ. उजव्या पायापासून परत उजव्या पायापर्यंत धरायचं. मधला डावा सोडून द्यायचा."

"असं कसं? पुढच्या ठशापर्यंत."

"नाही गं. मग अर्धंच येईल."

मी बाणाकडे पाहत राहिले. दादा पुढे जाऊन वाकायचा. कुठल्या पावलावर टेकवायचा ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. माझं डोकं कायम वहीत आणि बोट शून्यावर. आणि त्या दिवशी पुढचा उजवा ठसा टेपच्या बाहेर होता. मी टेप पुरेल तिथवर मोजलं आणि थांबले.

एकशे दहा नव्हे. दोनशे वीस.

सईच्या मोबाइलमध्ये गणित दोन सेकंदांत झालं. ताशी साडेदहा किलोमीटर. "म्हणजे पळतोय तो," ती म्हणाली, "आजी, कोण आहे हा?"

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सगळं, बाबांच्या वहाणांसकट. तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मला वाटलं होतं मी रडेन. पण मला राग आला, माझाच. फाटा आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. बाबा पायरी उतरले होते. त्यांना कोणी अडवलं नसतं, बायकोने नाही, गर्वाने नाही. दहावीतल्या पोरीच्या गणिताने त्यांना खाली बसवलं. जो हळू गेला त्याच्या मागे कशाला धावायचं, तो येतोच. मी "पळत गेला" म्हटलं असतं तर ते गेले असते. मी तरी गेले असते.

मग फार उशिराने, चहा पार थंड झाल्यावर, सुपडाजीचा बैल आठवला. शिवेच्या आत पळाल्याचे ठसे दिसले तर समजा, जीव अजून घरातच हाये. दादाने हे वहीत लिहून घेतलं होतं. थांबलो तर मान फिरेल हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी चोरटाही तोच आणि बैलही तोच. सुपडाजीला ते ठसे पाहताक्षणी कळलं असणार, पण मायचा चेहरा पाहून तो बोलला नाही. मला एवढंच म्हणाला, शिवेपलीकडं पाह्य. तिथे तो चालला असेल. कदाचित उभाही राहिला असेल, बोटं गावाकडे वळवून. ते सगळं संध्याकाळपर्यंत चिखलात लिहिलेलं होतं, पावसाची वाट पाहत, आणि वाचायला जायला मला चालत दहा मिनिटं लागली असती.

काल सईला घेऊन गावी गेले. चुलत भावाने सोयाबीन सोंगून ढीग घातले होते, वावर मोकळं दिसत होतं. पहाटे सर येऊन गेलेली. मी चपला हातात घेतल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी मी जिना टाळते, पण त्या वाटेवर पाय आपोआप भरभर पडायला लागले. मागून सई ओरडत होती, "आजी हळू, घसरशील!" मी थांबले नाही. थांबले असते तर मागे पाहिलं असतं, आणि मागे ओट्याची ती पायरी दिसते.

शिवेचा दगड अजून आहे, शेंदूर उडालेला, नाल्याच्या अलीकडे. तो ओलांडून मी चार पावलं गेले आणि पाय आपसूक मंदावले. पलीकडचा चिखल ताजा होता. त्यावर कोणाचीच पावलं नव्हती. तरी मी खाली वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.